पेन्सिलीवर गुंडाळलेलं सूत

पेन्सिल नीट धरता येत नाही अशा मुलांसाठी बाजारात आता बरंच काही मिळतं. पेन्सिलीवर सरकवायची मऊ रबराची किंवा सिलिकॉनची ग्रिप, तिच्यावर अंगठ्यासाठी आणि तर्जनीसाठी कोरलेले खड्डे, काहींना तर बोटं आत खुपसायला चक्क टोपणं. दिसायला गोजिरी, रंगीत, कधी माशाच्या आकाराची तर कधी डायनासोरच्या. या सगळ्यांमागे एकच समजूत आहे: मुलाची बोटं भलत्या जागी जातात, तेव्हा ती योग्य जागी बसवून अडकवली की झालं. ही समजूत अर्धवट आहे असं माझं मत आहे. बोटांचा दोष काढण्याआधी लेखणीकडे पाहायला हवं. पूर्वीची लेखणी पकड चुकली की ते तिथल्या तिथे दाखवून देई. आजची लेखणी कशीही धरा, सारखीच उमटते. पकड सुधारणारं साधन घडवायचं तर ही हरवलेली खूण हाताला पुन्हा कशी मिळेल, एवढंच बघायचं आहे. आणि हा विचार भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या मोहाडीत बसून केला, जिथे अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीवर कित्येक घरांचं पोट चालत आलं आहे, तर उत्तरं दुकानातल्यापेक्षा वेगळी निघतात.

बोरूचंच पाहा. बरूच्या काडीचं टोक तिरकं छाटलेलं असे, आणि त्या छाटामुळे देवनागरी अक्षरातली एक रेघ जाड, दुसरी बारीक उतरे. लिहिताना काडी बोटांत जराशी फिरली, की जाड यायला हवी तिथे रेघ बारीक आली. दाब वाढला तर टोक फाकलं, शाईचा थेंब पडला. म्हणजे धरण्यातली चूक पुढच्याच अक्षरात उघडी पडत होती, आणि ती दाखवायला पंतोजींची छडी लागत नव्हती (ती इतर कारणांनी पडत असेलच). दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ निरनिराळ्या देशांचे सरळ, बारीक, घट्ट बरू निवडायला सांगतात, शाई-कागदाची तयारी सांगतात, अक्षराचं माप सांगतात, इतकंच काय, तरुणपणी फार बारीक लिहिण्याची हौस म्हातारपणी कामाला येत नाही असा व्यवहारी इशाराही देतात. त्या निरूपणात अक्षराच्या वळणाबरोबर सामग्रीलाही मोठं स्थान आहे.  पाटीवरची पेन्सिलही बोरूसारखीच बोलकी होती. ती फार उभी धरली की पाटीवर किर्र आवाज करी, शेजारचं पोर कानावर हात ठेवी, आणि लिहिणारा हात निमूटपणे थोडा कलता होई.

बॉलपेनने हे संपवलं. त्याच्या टोकाला फिरणारी गोळी असते. ती कोणत्याही बाजूने फिरते, म्हणून पेन बोटांत कितीही गरगरलं तरी रेघ तीच. शिवाय गोळी फिरायला दाब लागतो आणि पेन बऱ्यापैकी उभं धरावं लागतं. टाकासारखं आडवं केलं तर टोकाची कड कागदाला घासते आणि शाई उतरत नाही. बॉलपेनने अक्षर बिघडतं, ही एका पिढीच्या शिक्षकांची तक्रार होती आणि ती आपण जुनाट म्हणून हसण्यावारी नेली. पण हस्ताक्षराच्या अभ्यासक रोझमेरी ससून यांनी १९८०च्या दशकात मुलांच्या पकडींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचंही म्हणणं काहीसं याच दिशेने गेलं: लेखण्या बदलल्या, पण पकडीचे नियम आपण पिसाच्या आणि टाकाच्या काळातलेच चालवतो आहोत. उभ्या धरायच्या आधुनिक पेनसाठी तर्जनी आणि मधलं बोट यांच्या बेचक्यातून पेन काढण्याची पकडही चालते, हे त्यांनी पुढे आणलं. बेल्जियमच्या कॅलेवार्ट यांनी ती त्याआधीच सुचवली होती. आपल्याकडे अशी पकड दिसली तर बहुतेक शिक्षक ती सोडवतील.

कारखानदारांनी या अडचणीवर दोन तऱ्हांनी उपाय केला, आणि त्या दोहोंत मला फार मोठा फरक दिसतो. जर्मनीच्या लामी कंपनीने १९८० साली शाळकरी मुलांसाठी ‘सफारी’ नावाचं शाईपेन काढलं. त्याच्या धरायच्या जागी दोन सपाट पैलू आहेत. अंगठा इथे, तर्जनी इथे, दुसरीकडे जायची सोय नाही. ज्याचा हात त्या पैलूंशी जुळतो त्याला ते पेन फार आवडतं आणि ज्याचा जुळत नाही त्याला ते छळतं. फाबर-कास्टेलच्या ‘ग्रिप २००१’ पेन्सिलीने दुसरी वाट धरली. पेन्सिल त्रिकोणी केली आणि तिच्या अंगावर लाखेचे बारीक उंचवटे ओळीने उमटवले. त्या ठिपक्यांमुळे बोट घसरत नाही, पण कुठे बसायचं याची सक्तीही होत नाही. बोटाला फक्त कळतं, आपण कुठे आहोत. पहिली रचना हुकूम देते, दुसरी वर्दी देते. मुलांच्या हातासाठी दुसरीच हवी, असं मी म्हणतो त्याला पुरावा आहे.

तो पुरावा पकडीच्या संशोधनातच सापडतो. अंगठा, तर्जनी आणि खाली आधाराला मधलं बोट, ही तीन बोटांची हलती पकड शाळांत आदर्श मानली जाते. पण १९९० साली श्नेक आणि हेंडरसन यांनी लहान मुलांच्या पकडी वयोगटांप्रमाणे नोंदवल्या, तेव्हा सातव्या वर्षाच्या आसपास बहुसंख्य मुलं या पकडीवर आली असली तरी बरीच निरोगी मुलं अंगठा तर्जनीवर आडवा टाकणाऱ्या पकडीवर स्थिरावलेली दिसली, आणि अभ्यासकांनी तीही परिपक्वच धरली. २०१२ साली कॅनडात श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी चौथीच्या १२० मुलांना दहा मिनिटं उतारा लिहायला लावला. चार प्रकारच्या पकडींची तुलना झाली; वेगात आणि वाचनीयतेत फरक पडला नाही. म्हणजे ज्या एका पकडीसाठी आपण ग्रिपला खड्डे पाडतो, ती नसली तरी मूल चांगलं लिहू शकतं. इथे कुणी विचारेल, मग साधनाची गरजच काय? गरज आहे, पण तिचं निदान बोटांच्या ठेवणीवरून करणं चुकतं. ते करावं दाबावरून आणि दुखण्यावरून. वहीचं लिहिलेलं पान उलटवून मागच्या बाजूवर बोट फिरवावं. अक्षरं उठाव घेऊन हाताला लागत असतील, दुसऱ्या-तिसऱ्या पानावरही त्यांचे वळ उमटले असतील, लिहिताना तर्जनीचं टोक आत वाकून नख पांढरं पडत असेल, अर्ध्या पानात मूल हात झटकत असेल, तर ती पकड बिघडलेली आहे, मग ती चित्रातल्यासारखी तीन बोटांची का असेना. आणि पान मागून गुळगुळीत असेल, हात सैल असेल, तर अंगठा आडवा असला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. लिहिणाऱ्यांच्या हातांचं दुखणं काही नवं नव्हे. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवरच्या आपल्या ग्रंथात कारकून आणि लेखनिकांवर मजकूर वाढवला तो १७१३च्या आवृत्तीत. सततची बैठक, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि मनाचा ताण ही कारणं त्याने तेव्हाच मांडली होती. त्याच्या यादीत बोटांची ठेवण नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आता मोहाडी. हा धानाचा मुलूख. शिवाय मोहाडी, आंधळगाव या भागाला हातमागाची आणि कोशाच्या, म्हणजे टसरच्या, कापडाची जुनी परंपरा आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि पहिलीचं पोर पाटीशी झटापट करत असतं त्याच जुलैत बाहेर बांध्यांमध्ये रोवणी चालू असते. रोवणी करणारा हात जवळून पाहावा. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी. उजव्या हाताचा अंगठा आणि पुढची दोन बोटं तिच्यातून दोन-तीन रोपं सोडवतात, मुळांशी धरतात आणि टोकांनीच चिखलात खोचून मोकळी होतात. उरलेली दोन बोटं तळहाताकडे दुमडलेली. दाब किती द्यायचा हे चिखल सांगतो: कमी पडला तर रोप तरंगतं, जास्त झाला तर ते मोडतं किंवा फार खोल जातं. मागावरही तेच. ताण्यातला तुटलेला धागा सांधताना अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन टोकांना पीळ दिला जातो; जोर केला तर धागा पुन्हा तुटतो. शरीररचनेचे अभ्यासक जॉन नेपियर यांनी १९५६ साली हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले, जोराची पकड आणि नेमकेपणाची पकड. कुऱ्हाड पहिल्या पकडीने चालते, रोप दुसरीने लागतं. पेन्सिलीसाठी दुसरी हवी, आणि बिघडलेल्या पकडीत मूल नकळत पहिलीकडे वळलेलं असतं, कारण दाब किती झाला हे त्याला सांगणारं काहीच समोर नसतं.

इथे भाबडेपणा होण्याचा धोका आहे, तो टाळू. विणकराच्या पोराला विणकराची बोटं जन्मतः मिळत नाहीत, आणि माग कमी होत गेले तसं ते काम पाहायला मिळणंही कमी झालं. मुलांना चिखलात राबवावं असंही मी सुचवत नाही. त्यांची जागा शाळेतच. म्हणणं इतकंच की नेमक्या पकडीची तालीम लिहिण्याच्या आधी, लिहिण्यावाचूनच होते. मनगटातली आठ लहान हाडं जन्माच्या वेळी कूर्चेचीच असतात. ती एकेक करत वर्षानुवर्षं टणक होतात, शेवटचं हाड तर नवव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान. अशा हाताला तिसऱ्या वर्षी ‘अ’ गिरवायला बसवून त्याची पकड चुकते म्हणून ग्रिप आणणं म्हणजे आधी घाई करायची आणि मग घाईवर उपाय विकत घ्यायचा. मारिया मॉन्टेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या साधनांत लाकडी ठोकळ्यात बसवलेले दट्टे आहेत. प्रत्येक दट्ट्याला वर बारीक मूठ, ती तीन बोटांनीच उचलता येते. मूल महिनोन्महिने दट्टे काढतं-घालतं, आकारमान शिकतं, आणि बोटांना पेन्सिलीची सवय पेन्सिल न दिसताच लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आधी बोर्डी आणि मग कोसबाडला, हेच तत्त्व आदिवासी मुलांपर्यंत नेलं. परदेशी पेट्या परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून बिया, शिंपले, खडे, माती, पानं हीच साधनं झाली. महाराष्ट्रात पकडीच्या साधनांचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर तो सिलिकॉनपासून सुरू होणार नाही. कोसबाडच्या टेकडीवरच्या चिंचोक्यांपासून होईल.

मग मोहाडीच्या अंगणवाडीत आणि पहिलीत काय असावं? सगळ्यात आधी आखूड पेन्सिल. बोटभर उरलेला तुकडा आपण गरिबीची खूण मानतो आणि शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात साडेसात इंची नवी पेन्सिल देतो. पण तुकडा मुठीत धरता येत नाही. त्याला धरायला तीन बोटांपुरतीच जागा असते, चौथं-पाचवं बोट आपोआप बाजूला होतं. हातांवर काम करणारे थेरपिस्ट मुलांना मुद्दाम खडूचे आणि क्रेयॉनचे तुकडे देतात ते याचसाठी. त्या सुटलेल्या दोन बोटांना काम म्हणून तळहाताशी लाखोळीचे चार दाणे धरायला द्यावेत (अर्थात दाणा तोंडात घालण्याचं वय उलटलेल्या मुलालाच). लाखोळी ही डाळ या भागात घरोघरी असते आणि दाणे पडले की मुलाला स्वतःलाच कळतं, बोटं उघडली. लिहिण्यासाठी भिंत हवी: कित्येक प्राथमिक शाळांत मुलांच्या उंचीला भिंतीवर फळ्याचा पट्टा रंगवलेला असतो. उभ्या पृष्ठभागावर लिहिताना मनगट मागे वळतं आणि खांद्यापासून हात काम करतो. हा पट्टा बहुतेकदा पाहुणे येणार म्हणून सजवून ठेवला जातो, ही वेगळी गोष्ट. दाबासाठी तर खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचा एक तुकडा पुरतो. तो वहीच्या पानाखाली सरकवला की जोर झाल्याबरोबर पेन्सिल कागदातून आरपार जाते. बोरूचं फाकणं ज्या कामाचं होतं, ते काम हा फुकटचा पुठ्ठा करतो.

राहिली ती पेन्सिलीच्या अंगावरची खूण, आणि ती सुताची असावी असं मला वाटतं. साधी पेन्सिल षट्कोनी, सुमारे सात मिलिमीटर जाडीची असते. आगपेटीच्या तीन काड्या घ्याव्यात, गुल काढून टाकावेत, त्यांचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे पेन्सिलीच्या एकाआड एक तीन पैलूंवर लांबीने ठेवावेत आणि मागावर उरलेल्या सुताने घट्ट गुंडाळावेत. सहा पैलूंची पेन्सिल तेवढ्या जागेत तीन बाजूंची होते, जाडीही वाढते. टोकापासून बोट-दीड बोट अंतरावर हा वेढा आला की तो कुणाचंही बोट अडकवत नाही. अंगठा आडवा टाकणाऱ्या मुलालाही तो चालतो आणि डावखुऱ्यालाही, कारण त्याला उजवी-डावी बाजू नाही. बाजारातल्या खड्ड्यांच्या ग्रिप बहुधा उजव्या हाताला धरून केलेल्या असतात, किंवा डाव्यांसाठी वेगळ्या मागवाव्या लागतात. जुलैच्या दमट हवेत घामेजलेल्या बोटांखाली गुळगुळीत प्लॅस्टिक सरकतं, म्हणून मूल आणखी आवळून धरतं. सूत घाम टिपतं आणि घर्षण टिकवतं. पेन्सिल निसटू नये म्हणून लागणारा जोर घर्षणावर ठरतो. घर्षण वाढलं की बोटांना जोर कमी लावावा लागतो, इतकं साधं गणित आहे. आणि वेढा मुलाने स्वतः घालावा. पहिलीतल्या बोटांना सूत गुंडाळणं, गाठ मारणं, टोक आत खोचणं जमायला दहा-पंधरा मिनिटं लागतील, आणि ती मिनिटं गिरवण्याच्या पानापेक्षा अधिक कामाची असतील.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला, हा जुगाड आहे. शहरातल्या मुलाला तपासून बनवलेलं उत्पादन आणि गावातल्याला सूत-काड्या, हा दुजाभाव झाला. दुजाभाव तेव्हा झाला असता जेव्हा शहरातली वस्तू खरोखर अधिक चांगली असती. ती अधिक महाग आणि अधिक टिकाऊ आहे, यापुढे तिच्या बाजूने ठाम असं काही मांडता येत नाही. सुताचे तोटे मात्र मान्य करायला हवेत: ते मळतं, पाण्याने भिजतं, पेन्सिल छिलत गेली की वर सरकवावं लागतं. त्यावर उपाय एकच, पुन्हा गुंडाळणं. सरकारी पातळीवर बघितलं तर २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वयाचा टप्पा एकत्र धरला आणि २०२३च्या फेब्रुवारीत ‘जादुई पिटारा’ ही खेळण्या-साधनांची पेटीही आली. धोरणात खेळ आहे. पण तालुक्याच्या शाळेत तो पोचताना त्याचा गिरवण्याचा तक्ता होऊन बसतो, ही भीती मला वाटते. दुसरा आक्षेप बोलण्यात नेहमी येतो: आमच्या वेळी कुठे होत्या ग्रिप, तरी मोत्यासारखं अक्षर होतं. ज्यांचं होतं त्यांच्या वह्या जपल्या गेल्या, म्हणून तसं वाटतं. ज्यांचं नव्हतं ते शाळेतून कधीच गळाले. शिवाय त्या वेळी पाटीची किर्र होती, टाक होता, म्हणजे साधनं होतीच, फक्त त्यांना कुणी साधन म्हणत नव्हतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. लिहिणंच आता किती उरलं आहे? पुढे सगळं कळफलकावर आणि बोलून टंकवण्यावर जाईल, मग पहिलीच्या पोराच्या बोटांची एवढी काळजी का? जाईलही. पण आज दहावीचा भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा आहे, आणि तो हाताने लिहावा लागतो. मोहाडीच्या मुलीला तो वरठी किंवा तुमसरच्या केंद्रावर लिहायचा असो, की पुण्याच्या मुलीला कोथरूडच्या केंद्रावर, दोघींची बोटं तितकीच दुखतात. फरक असा की पुण्याच्या मुलीचं आठव्या वर्षी हाताचं दुखणं कुणीतरी ओळखलेलं असण्याची शक्यता जास्त. ज्यांच्या लिहिण्यातच मूळची अडचण आहे अशा मुलांसाठी कायदा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता ही दिव्यांगत्वात धरली; लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ अशा सवलती मिळू शकतात. पण सवलतीसाठी प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्रासाठी तपासणी, आणि तपासणीसाठी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं की हे पोर आळशी नाही. वहीचं पान उलटवून मागून हात फिरवणं ही तपासणीची पहिली पायरी होऊ शकते. तिला यंत्र लागत नाही, आणि शिक्षिकेला वह्या तपासताना पान तसंही उलटावंच लागतं.

सूत कधी काढायचं, हेही त्याच पानावरून ठरावं. काही मुलांना ते दिवाळीपर्यंतच लागेल, काहींना दुसरीच्या अखेरपर्यंत, आणि एखाद्याला चौथीतही हवंहवंसं वाटेल, वाटू द्यावं. पाच-सहा महिन्यांत पुठ्ठ्यावरचा कागद फाटायचा थांबला नाही, लाखोळीचे दाणे रोजच सांडत राहिले, शर्टाची बटणं लावतानाही तीच धडपड दिसली, तर मात्र सूत बदलत बसू नये; त्या मुलाला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावं, आणि जाताना ती वही सोबत न्यावी.